समोरची खुर्ची

वकीलबाईंनी जन्मात कधी काळा कोट घातला नव्हता, आणि कोर्टाची पायरी चढायची वेळही त्यांच्यावर आली नव्हती. हे नाव पडलं संस्थेत. आधी चेष्टेनं, मग कौतुकानं, आणि शेवटी मूळ नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही म्हणून. शेजारच्या देशाची वकिली करायची, आणि तीही आपल्या देशात बसून, असलं त्यांचं काम, असं संस्थेतले लोक हसून सांगत. बाहेरचे काही लोक तेच न हसता सांगत.

घरच्यांना मात्र त्यांचं काम धड सांगता येत नसे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं "वहिनी कुठे असतात कामाला?" असं विचारलं की तो काच पुसत "परराष्ट्र धोरण" एवढंच म्हणायचा आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायचा. नणंदेला असली अडचण नव्हती. ती चारचौघांत ठणकावून सांगायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजते."

ही नणंद नवऱ्याची मोठी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं शिवणयंत्र घेतलं आणि शाळांचे गणवेश शिवायला सुरुवात केली. पुढे त्याचं दुकान झालं. गावातली निम्मी पोरं तिनं शिवलेल्या चड्ड्या घालून मोठी झाली असतील. पण ज्या गणवेशाचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता तो तिनं शिवलेला नव्हता. तो तिच्या मुलाचा, नौदलाचा. पोरगा पहिल्यांदा तो घालून दारात उभा राहिला तेव्हा तिनं त्याच्या कॉलरची शिवण बोटानं तपासली, "बरी आहे," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. वकीलबाईंनी हे पाहिलं होतं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि या भाच्यावर त्यांचा जीव होता. तोही सुट्टीवर आला की आधी मामीकडे यायचा, कारण मामी त्याला जगाच्या गोष्टी सांगायची आणि आई त्याला वजन कमी झालं म्हणून ओरडायची.

संस्था एका जुन्या विमा कंपनीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती. हल्ली अशा संस्थेला थिंक टँक म्हणतात. लिफ्ट दोन माणसांची, त्यामुळे परदेशी पाहुणे आले की स्वागताची निम्मी फौज जिन्यानं धापा टाकत वर पोहोचायची. भिंतींवर नकाशे, कपाटांवर कपाटं, सभागृहात घडीच्या खुर्च्या आणि ऐन रंगात आलेल्या भाषणात खरखरणारा माईक. इथे बनायचं काय? तर वाक्यं. सोमवारी एखादं वाक्य या मजल्यावर जन्माला यायचं. आठवडा संपायच्या आत ते अग्रलेखात शिरायचं, तिथून टीव्हीवर, टीव्हीवरून न्हाव्याच्या दुकानात, आणि महिन्याभरानं एखादा मंत्री तेच वाक्य स्वतःचं म्हणून भाषणात ठोकून द्यायचा. त्याबद्दल संस्थेत कोणी रागवायचं नाही. उलट त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं यायची. आपण बोललो ते लोक बोलायला लागले, यापेक्षा मोठी पावती या धंद्यात नसते.

"उंटावरून शेळ्या हाकणारे" असं त्यांना बाहेर म्हणत, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. परदेशात पाऊल न ठेवता परदेशाचं भविष्य सांगणारे महाभाग इथेही होते. वकीलबाई आल्या त्या वर्षी अशाच एका बड्या विद्वानानं शेजारी देश अमुक करणार म्हणून जाडजूड अहवाल लिहिला. शेजाऱ्यानं बरोब्बर उलटं केलं. विद्वान म्हणाले, शेजारी तर्कशुद्ध नाही. वकीलबाई तेव्हा नवख्या. शेजाऱ्यांची भाषा शिकलेल्या, काही वर्षं रेडिओवर त्यांच्या बातम्या ऐकून भाषांतर केलेलं. त्यांना वाटलं, सर, तर्क होता, फक्त तो तुमच्या खिडकीतून दिसत नव्हता. पण नोकरी नवी होती, त्यामुळे त्या वेळी गप्प बसल्या.

पुढे तोंड उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आईची युक्ती काढली. त्या चार भावंडांतल्या तिसऱ्या. घरात भांडणं रोजची. आईचा नियम असा, की तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी दुसऱ्याची तक्रार सांगायची, आणि ती अशी सांगायची की दुसऱ्यानं "हो, माझं हेच म्हणणं आहे" म्हटलं पाहिजे. मगच स्वतःचं रडगाणं. निम्मी भांडणं तिथेच विझायची, कारण दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःलाच लाज वाटायची. वकीलबाईंनी हाच नियम संस्थेच्या टेबलावर आणला. ज्यानं अहवाल लिहिला असेल त्यानं छापण्याआधी टेबलाच्या पलीकडे, एकट्या ठेवलेल्या खुर्चीत बसायचं. त्या खुर्चीत तो शेजारी देशाचा. आपल्या देशाबद्दल "तुम्ही" म्हणायचं आणि शेजारी देशाबद्दल "आम्ही". बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. "हो, ते असंच बोलले असते" असं सगळ्यांचं मत पडलं की अहवाल छापखान्यात. खोलीत जे बोललं जाईल ते कोणाच्या नावावर बाहेर सांगायचं नाही, एवढी एक अट.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. मोठमोठ्या लोकांना त्या खुर्चीत घाम फुटायचा. पण अहवाल सुधारले, अंदाज बरोबर यायला लागले, आणि दूरदूरच्या संस्था विचारू लागल्या की तुम्ही हे करता कसं. वकीलबाईंना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. विनय त्यांना फारसा मानवत नसे. "चांगलं केलंय तर चांगलं म्हणायला काय जातं?" असं त्यांचं सरळ गणित होतं.

आताचे संचालक त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आला तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावलेला, बोलताना अडखळणारा पोरगा. वकीलबाईंनी त्याला त्या खुर्चीत इतक्या वेळा बसवला की त्याची जीभ सुटली, आणि ती सुटली ती अशी की टीव्हीवाल्यांना रोज हवीशी वाटायला लागली. आता तो चाळिशीत होता, सुरेख बोलायचा, थोडक्यात बोलायचा, आणि चौकात लोक त्याला ओळखायचे. चारचौघांत वकीलबाई त्याला "सर" म्हणत. दार बंद असलं की "अरे".

तर त्या वर्षी सामुद्रधुनीचं प्रकरण पेटलं. दोन देशांच्या मधली ती चिंचोळी समुद्राची वाट. आपल्या देशाचा निम्मा व्यापार तिथून जायचा. शेजाऱ्यांनी आपल्याकडच्या काही मच्छीमार बोटी धरल्या, आणि टीव्हीवर एकच वाक्य दिवसरात्र फिरायला लागलं, की येत्या दशकात सामुद्रधुनी आपल्या ताब्यात घ्यायची हे शेजाऱ्यांचं जाहीर धोरण आहे. संचालकांनी ते तीन वाहिन्यांवर सांगितलं. मंत्र्यांनी सांगितलं. न्हाव्यानंही सांगितलं. संसदेच्या समितीनं सुनावणी ठेवली, व्यापारी जहाजांबरोबर लढाऊ जहाजं पाठवायची की नाही यावर. समितीच्या सूचनापत्राच्या पहिल्याच परिच्छेदात ते वाक्य होतं. संस्थेला निवेदन द्यायला बोलावणं आलं. आणि भाच्याच्या जहाजाला तयारीत राहण्याचा हुकूम आला.

रविवारी नणंद आली. आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"मला एक सांग. तुमचा तो टीव्हीवरचा म्हणतो, ते वाट बंद करणारच आहेत म्हणून. खरं का?"

"ताई, बसा तर."

"बसायला नाही आले. खरं असेल तर माझा मुलगा जाईल. त्याच्यासाठीच तो तिथे आहे. मी डोळ्यांतून टिपूस काढणार नाही, हे तुला माहीत आहे." तिचा आवाज जरा चिरकला, तेव्हा तिनं तो खाकरून सरळ केला. "पण उगाच जायला नको गं. कोणाच्या तरी तोंडाला खाज सुटली म्हणून नको. तू म्हणे त्यांची बाजू ओळखतेस. मग सांग."

इतक्या वर्षांत नणंदेनं त्यांना कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि विचारलं ते हे. वकीलबाईंनी डोक्यात सगळी भाषणं, सगळी धोरणपत्रं चाळली. शेजाऱ्यांनी असं जाहीर म्हटल्याचं त्यांना आठवेना. पण आठवत नाही म्हणजे नाही, असंही नसतं.

"आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण शोधते. सुनावणीच्या आधी तुम्हाला सांगते. जे असेल ते."

"जे असेल ते," नणंद म्हणाली, आणि तशीच वळली.

दुसऱ्या दिवशी संस्थेत संचालक घाईत होते. निवेदन तयार होतं. "बाई, या वेळी खुर्ची राहू दे," ते म्हणाले. "वेळ नाही. आणि वातावरण बघताय ना? शेजाऱ्यांच्या वतीनं तासभर बोललो आणि बाहेर कळलं, तर लोक मला फाडून खातील."

"खुर्चीशिवाय आपल्याकडून कागद जात नाही."

"तुमचा भाचा आहे तिकडे. लोक म्हणतील, म्हणून तुम्ही मऊ झालात."

"माझी नणंद म्हणते, भाचा आहे म्हणून मी कडक तपासणी करायला हवी. तुम्ही म्हणता, मऊ झाले. तुम्ही दोघं एकदा भेटून काय ते ठरवा आणि मला कळवा. तोवर बसा."

संचालक हसले. हसले म्हणजे हरले, हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी टेबल भरलं. इकडे सहा जण, पलीकडे एकटे संचालक. एकदा बसला की तो माणूस अजूनही त्या खुर्चीतला सगळ्यात तयारीचा गडी होता. दहा मिनिटांत तो शेजारी देशाचा वकील झाला. पाठ ताठ, आवाज थंड. मच्छीमार बोटी का धरल्या, ते त्यानं असं सांगितलं की टेबलावरचा एक तरुण संशोधक मान डोलवायला लागला आणि मग दचकून थांबला.

"पण वाट ताब्यात घ्यायचं तुमचं जाहीर धोरण आहे," वकीलबाईंनी विचारलं. "येत्या दशकात."

"कोण म्हणतं?" पलीकडून उत्तर आलं.

"तुम्हीच म्हणता."

"आम्ही? कुठे? कधी? दाखवा."

तो खुर्चीचा नियमच होता. पलीकडच्यानं "दाखवा" म्हटलं की इकडच्यांनी दाखवायचं. सगळे आपापल्या कागदांत शिरले. निवेदनातली तळटीप एका परदेशी संस्थेच्या वार्षिक अंकाकडे जात होती. ग्रंथपालांनी अंक आणला. त्यांना खोकल्याची गोळी चघळत मोठ्यानं वाचायची सवय. अंकात लिहिलं होतं, "धोरण आहे." त्याची तळटीप दुसऱ्या एका अभ्यासाकडे. त्यात लिहिलं होतं, "तिकडच्या वर्तुळांत असं मानलं जातं." त्याची तळटीप सात वर्षांपूर्वीच्या एका परदेशी वर्तमानपत्राकडे. ते कात्रण मिळवायला थोडा वेळ लागला. तोवर चहा आला. संचालक खुर्चीतून हलले नाहीत, शेजाऱ्यांचे वकील म्हणून त्यांना आपला विजय दिसत होता.

ग्रंथपालांनी कात्रण वाचलं. "अभ्यासकांच्या एका बंद बैठकीत शेजारी देशाची भूमिका मांडणाऱ्यानं ठामपणे सांगितलं, दार आमचं, कडीही आमचीच. दहा वर्षांत आम्ही कडी लावू."

एक संशोधक हसला. "काय वाक्य आहे!"

संचालक हसले नाहीत. वकीलबाईंनाही ते वाक्य ओळखीचं वाटलं होतं, आणि त्यांचा चेहरा बघून एका क्षणात कुठून ते कळलं. संचालकांची आजी एका बोळात राहायची. बोळाच्या दारावरून तिचं शेजारणीशी जन्मभर भांडण. "दार आमचं, कडी आमची" हे तिचं पालुपद. संचालक तरुण असताना ते सांगून सगळ्यांना हसवायचे. आणि एकदा, याच खोलीत, याच खुर्चीत बसून, शेजारी देश होऊन, त्यांनी ते वाक्य फेकलं होतं. त्या दिवशी एक परदेशी पत्रकार पाहुणा म्हणून टेबलाशी बसला होता. त्याला बसायची परवानगी वकीलबाईंनी दिली होती.

"काखेत कळसा," ग्रंथपाल पुटपुटले, "आणि आपण सगळ्या जगाला वळसा घालून आलो."

कोणीच खोटं बोललं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. पत्रकारानं "भूमिका मांडणाऱ्यानं" असंच लिहिलं होतं. पुढच्यानं तेवढे दोन शब्द जड वाटले म्हणून गाळले. त्याच्या पुढच्यानं "मानलं जातं" काढलं. प्रत्येकानं वाक्य जरासं सोलून पुढे दिलं, आणि आजीची कडी देशादेशांतून फिरून, सूटबूट घालून, शेजाऱ्यांचं जाहीर धोरण बनून घरी परत आली. ज्याच्या तोंडून ती निघाली होती त्यानंच तीन वाहिन्यांवर तिच्या नावानं देशाला घाबरवलं. वडाची साल पिंपळाला लावतात हे ठाऊक होतं. इथे आख्खा वडच उचलून पिंपळाच्या जागी लावला होता.

सगळे गेल्यावर दोघं उरले. संचालक अजून त्याच खुर्चीत होते.

"निवेदनातून वाक्य काढून टाकतो," ते म्हणाले. "विश्वस्तांशी बोललो आत्ता फोनवर. त्यांचंही तेच मत. गाजावाजा नको."

"आणि समितीच्या पत्रातलं? आणि मंत्र्यांच्या तोंडातलं? ते कोण काढणार?"

"बाई, मी उभा राहून सांगितलं की ते आमचंच वाक्य होतं, तर उद्यापासून मला कोणी विचारणार नाही. आणि तुमची ही खुर्ची! लोक म्हणतील, हे असले खेळ खेळतात आणि त्यातून देशाला खड्ड्यात घालतात. पहिल्यांदा खुर्ची बंद होईल."

वकीलबाईंनी टेबलावरचे कप एकात एक ठेवले. खुर्ची म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं काम. दुसरं दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि हे त्या मान्य करणाऱ्यांतल्या होत्या.

"होऊ दे बंद," त्या म्हणाल्या. "अरे, पाहुण्याला मी बसवलं. बोललास तू. चूक दोघांची. ती झाकायला बावीस वर्षांचं एक पोर समुद्रात पाठवायचं का? आणि ऐक. मी नणंदेला शब्द दिलाय. तिला मी सांगणार. तुझी परवानगी मागत नाही, तुला फक्त कळवते."

"खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम तुमचाच."

"माझाच. म्हणून मोडायचा अधिकारही आधी माझा."

संचालक त्या खुर्चीतून उठले. "मला विचार करू द्या," एवढंच म्हणाले.

नणंदेच्या दुकानात यंत्रं चालू होती. ती एका निळ्या फ्रॉकची घडी घालत होती. वकीलबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, काही न लपवता. आडपडदा ठेवला असता तर तिथे यायचं कारणच नव्हतं. नणंदेची घडी अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे ते शेजाऱ्यांनी म्हटलंच नाही."

"नाही."

"तुम्ही म्हटलंत. खेळात."

"हो. आणि त्या खेळाची प्रमुख मी होते."

"आणि त्यापायी माझं पोर बूट घालून तयार बसलंय."

"हो, ताई."

नणंदेनं फ्रॉक खाली ठेवला. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला असता तर वकीलबाईंना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. "हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगणार?" तिनं विचारलं.

"मी तर म्हटलंय त्याला. पण निवेदन तो देणार. तो सांगेल की नाही, मला माहीत नाही."

"तुझा चेला ना तो?"

"हो."

"मग तुला माहीत नाही कसं?" नणंद म्हणाली, आणि मग पाठ फिरवून, "जा आता. मला काम आहे."

त्यानंतर सुनावणीपर्यंत तिचा फोन आला नाही. वकीलबाईंनीही केला नाही. नवरा दोघींच्या मध्ये सापडला आणि त्यानं शहाण्यासारखं दुकानातली सगळी भिंगं पुसून काढली.

सुनावणीचा हॉल लाकडी, उंच छताचा. वर प्रेक्षकांची गॅलरी, खाली घोड्याच्या नालेसारखं समितीचं टेबल. संचालकांनी वकीलबाईंना मागच्या रांगेत बसवलं होतं, आणि सकाळपासून त्यांच्याशी नजर मिळवली नव्हती. त्यांच्या हातात छापलेलं निवेदन होतं. वाक्य त्यातून काढलेलं होतं, वकीलबाईंनी ते पाहिलं होतं. त्याच्या जागी दुसरं काहीही घातलेलं नव्हतं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. छान वाचत होते, नेहमीसारखं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला सगळं शिकवलं, प्रश्न विचारायला, उत्तर द्यायला, थांबायला. पण असल्या वेळी काय करायचं हे शिकवून येत नसतं.

तिसऱ्या पानावर संचालक थांबले. इतके थांबले की अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं. मग त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"अध्यक्ष महोदय, तुमच्या सूचनापत्रात एक वाक्य आहे. शेजाऱ्यांच्या जाहीर धोरणाचं. मी ते स्वतः टीव्हीवर तीनदा सांगितलं. ते त्यांचं नाही. ते माझं आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, खुर्ची, पाहुणा, कात्रण. आजीसुद्धा. आजीपाशी आल्यावर ते जुन्या दिवसांसारखे अडखळले.

हॉलमध्ये गलका झाला. कोणीतरी जोरात हसलं. वार्ताहर माना मोडून लिहायला लागले. वकीलबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या पोराला त्यांनी पुष्कळ वेळा टाळ्या घेताना पाहिलं होतं, बक्षिसं घेताना पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं होतं. आज तो सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेत होता आणि त्यांना वाटत होतं, हा माझा. याला मी घडवलं.

"हा खेळ कोणी काढला?" अध्यक्षांनी विचारलं.

वकीलबाई उठल्या. "मी."

"बाई, देशाची चर्चा असल्या नाटकांवर चालवायची का? हे बंद का करू नये?"

"बाहेरच्या माणसाला बसवलं ही माझी चूक, साहेब. ती पुन्हा होणार नाही. पण हे वाक्य सात वर्षं सगळीकडे फिरलं. मोठमोठ्या कचेऱ्यांतून फिरलं, तुमच्याही कचेरीतून. 'दाखवा' असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं ते त्या खुर्चीत बसलेल्या माणसानं. आता बंद करायची तर करा."

अध्यक्ष बाजूच्या सदस्याशी कुजबुजले, मग सचिवाशी. दुपारपर्यंत समितीनं ते वाक्य सूचनापत्रातून काढलं, लढाऊ जहाजांचा विषय पुढे ढकलला आणि आधी बोटी सोडवण्यासाठी दूत पाठवायची शिफारस केली. पुढे काय होईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. पण भाच्याचं जहाज तूर्त बंदरात राहणार होतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर गर्दी होती. संचालकांना वार्ताहरांनी घेरलं, आणि प्रश्न काही मायेचे नव्हते. वकीलबाई कडेकडेनं खाली उतरत असताना एक जाडसर माणूस त्यांच्या समोर आला.

"देशाला मूर्ख बनवलंत!" तो ओरडला. "आणि आता शेजाऱ्यांपुढे शेपूट घालायला लावताय? किती मिळाले त्यांच्याकडून?"

लोक वळून बघायला लागले. वकीलबाईंना एरवी उत्तर सुचायला वेळ लागत नसे. आज त्या नुसत्या पुढची पायरी बघत होत्या. पाय दुखत होते, आणि त्या माणसाचं पहिलं वाक्य तर खरंच होतं.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या दंडाला धरलं. नणंद. इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले, डोळे लाल. ती गॅलरीत सकाळपासून बसलेली असणार, कारण तिच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती.

"ए," ती त्या माणसाला म्हणाली, "ही माझ्या भावाची बायको आहे. आणि तिकडे जाणाऱ्या जहाजावर माझा मुलगा आहे. तुझं कोण आहे?"

माणूस एक पायरी मागे सरला.

"कोण आहे, म्हणते? मुलगा? भाऊ? कोणी नाही ना? मग हो बाजूला." आणि गर्दीकडे वळून, दुकानात यंत्रांच्या खडखडाटावरून गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चूक केली, ती माझ्या दारात येऊन सांगितली हिनं. कोणी बोलावलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणी आलं असतं?"

वकीलबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. नणंदेनं त्यांचा दंड सोडला नाही. पायऱ्या उतरेपर्यंत नाही, आणि रस्ता ओलांडतानाही नाही.